रोझा आजीच्या कोटाचं अस्तर

मंडळी, एका कोटापासून सुरुवात करते.

१५ फेब्रुवारी १९२९. अर्जेंटिनात फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. जेनोआहून निघालेली 'जुलिओ चेझारे' ही आगबोट ब्यूनोस आयर्सच्या धक्क्याला लागली. उतारूंमध्ये चाळिशी उलटलेली एक बाई होती. अंगात कोल्ह्याच्या केसाळ कातड्याची कॉलर असलेला जाड कोट. उकाड्याने जीव नकोसा झालेला, पण बाई कोट काढायला तयार नाही. कारण त्याच्या अस्तरात, इटलीतली मालमत्ता विकून आलेले पैसे शिवलेले होते. बाई मूळची शिवणकाम करणारी. टाका कुठे घालायचा हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

ही रोझा वासाल्लो. लग्नानंतर रोझा बेर्गोलिओ. पोप फ्रान्सिस यांची आजी, वडिलांची आई. गेल्या वर्षी, म्हणजे २१ एप्रिल २०२५ रोजी पोप गेले, तेव्हा आपल्या वसईतल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना झाल्या, घरोघरी जपमाळेची प्रार्थना, रोजरी झाली. त्या दिवसांत मी त्यांच्याविषयी पुष्कळ वाचलं, आणि दर वेळी फिरून फिरून या आजीपाशीच येऊन थांबले. म्हणून आज तिच्याविषयी बोलायचं ठरवलं.

रोझाचा जन्म १८८४ सालचा, वायव्य इटलीतल्या लिगुरियाच्या डोंगराळ भागातल्या पियाना क्रिक्सियाचा. तुरीनला शिवणकाम करत असताना जोव्हान्नी बेर्गोलिओशी तिचं लग्न झालं. १९०८ मध्ये मारिओ हा मुलगा झाला. पुढे कुटुंब आस्तीला गेलं, आणि तिथे रोझाचं एक वेगळंच रूप दिसतं. 'कॅथलिक अ‍ॅक्शन' या सामान्य कॅथलिक लोकांच्या संघटनेच्या कामात ती होती, गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन बायकांपुढे भाषणं करायची. ते मुसोलिनीच्या राजवटीचे दिवस होते. बेर्गोलिओ कुटुंबात सांगितली जाणारी हकीकत अशी, की एकदा तिच्या सभेच्या दालनाला अधिकाऱ्यांनी टाळं ठोकलं. रोझाने टेबल रस्त्यावर आणलं, त्यावर चढली आणि जे बोलायचं ते तिथे उभं राहून बोलली.

हे मी मुद्दाम सांगते आहे. 'घरासाठी आयुष्य वेचलेली बाई' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक गप्प, खाली मान घातलेली बाई उभी राहते. रोझा तशी नव्हती. तिला आवाज होता. पुढे तो घराच्या कामी आला, एवढंच.

मग देश का सोडला? नवऱ्याचे भाऊ १९२२ पासून अर्जेंटिनात होते, पाराना शहरात रस्ते बांधायची कंपनी त्यांनी काढली होती. भावंडांनी एकत्र राहावं, ही ओढ मुख्य. खरं तर ही मंडळी दीड वर्ष आधीच निघायची होती, 'प्रिन्सिपेस्सा माफाल्दा' या बोटीने. तिकिटं काढून झाली होती, पण घरदार वेळेत विकलं गेलं नाही आणि जाणं राहिलं. ती बोट २५ ऑक्टोबर १९२७ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाली. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा तुटून पाणी आत शिरलं. तीनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत नशीब काढायला निघालेले गरीब इटालियन पुष्कळ. नातवाने ही गोष्ट लहानपणापासून ऐकली. २०१३ च्या जुलैत पोप म्हणून रोमबाहेरचा त्यांचा पहिला प्रवास इटलीच्या लाम्पेदुसा बेटाचा होता, समुद्रात बुडून मेलेल्या स्थलांतरितांसाठी प्रार्थना करायला. हा ओढा कुठून आला असेल, हे मला वेगळं शोधावं लागत नाही.

आणि अस्तरातले पैसे? ते टिकले नाहीत. पारानाला भावांचा चार मजली वाडा होता, लिफ्टसुद्धा होती, प्रत्येक भावाला एकेक मजला. तीन वर्षांत जागतिक मंदीने सगळं धुऊन नेलं. एक भाऊ कॅन्सरने गेला. १९३२ मध्ये वाडा विकला, इतकंच काय, घराण्याची संगमरवरी कबरसुद्धा विकावी लागली. रोझा, जोव्हान्नी आणि मारिओ ब्यूनोस आयर्सला आले. सलेशियन या धर्मसंघाच्या एका फादरांच्या शब्दावर दोन हजार पेसो कर्जाऊ मिळाले, त्यातून किराण्याचं दुकान घेतलं. हिशेबनीस म्हणून शिकलेला मारिओ टोपली घेऊन घरोघर माल पोचवू लागला. दोन्ही देशांतलं होतं-नव्हतं ते गेलं आणि पन्नाशीला आलेली रोझा पुन्हा गल्ल्यामागे उभी राहिली.

२४ मार्च २०१३ ला, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, पोप झाल्यावर दोनच आठवड्यांत फ्रान्सिस प्रवचनात म्हणाले, माझी आजी सांगायची, कफनाला खिसे नसतात. जगभर ते वाक्य गेलं. छान सुभाषित म्हणून लोकांनी ते घेतलं. मला मात्र ते वाचताना तो कोट आठवतो. अस्तरात पैसे शिवून समुद्र ओलांडलेली, आणि ते पैसे डोळ्यांदेखत गेलेले पाहिलेली बाई हे बोलते आहे. तिने ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

१९३५ मध्ये मारिओचं रेजिनाशी लग्न झालं, १७ डिसेंबर १९३६ ला होर्हे, म्हणजे पुढचे पोप फ्रान्सिस, जन्मला. नाताळच्या दिवशी बाप्तिस्मा झाला आणि धर्ममाता झाली रोझा आजीच. साधारण वर्षभराने दुसरं मूल आलं, सुनेची ओढाताण होऊ लागली. मग रोझा रोज सकाळी यायची, होर्हेला आपल्या घरी घेऊन जायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. बस, इतकंच. आपल्याकडे अशा किती आज्या करतात हे! कोणी त्याची नोंद ठेवत नाही.

त्या दिवसभरात काय चालायचं? प्रार्थना शिकवणं, संतांच्या गोष्टी, आणि मुख्य म्हणजे बोलणं. आजी-आजोबा आपसात पिएमोंतेची, म्हणजे तुरीनकडची बोली बोलायचे. मारिओ मुलांशी ती भाषा कधी बोलला नाही, मागे सुटलेल्या गावाची आठवण त्याला सोसत नसावी. होर्हेने ती आजीच्या घरी उचलली. मोठेपणी ते म्हणत, आजी-आजोबांच्या आठवणींची भाषा कळण्याचं भाग्य मला मिळालं. माझ्या घरात हे रोज घडतं. मी मुलीशी प्रमाण मराठीत बोलते, शाळेचा विचार करून. माझी आई तिच्याशी फक्त कादोडीत, आमच्या वसईकडच्या बोलीत बोलते. मुलगी माझ्याकडे पाहून उत्तर मराठीत देते आणि आजीकडे वळून कादोडीत. आईला मी कधी काळी 'तिचा गोंधळ होईल' म्हणून अडवत असे. आता अडवत नाही.

रोझाची श्रद्धा कडक होती, पण मन कोतं नव्हतं. एकदा चार-पाच वर्षांच्या होर्हेला घेऊन ती रस्त्याने चालली होती. समोरून साल्व्हेशन आर्मी या प्रोटेस्टंट सेवासंस्थेच्या दोन बायका आल्या, डोक्याला त्यांची ती टोपी. पोराने विचारलं, या सिस्टर आहेत का? आजी म्हणाली, नाही, त्या प्रोटेस्टंट आहेत, पण चांगल्या आहेत. त्या काळी कॅथलिक घरांत प्रोटेस्टंटांविषयी काय बोललं जायचं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या 'पण'चं मोल कळेल.

होर्हेने धर्मगुरू व्हायचं ठरवलं तेव्हा आईला ते पटलं नाही. आजी म्हणाली, देव बोलावत असेल तर जा, आशीर्वाद आहे. आणि लगेच पुढे म्हणाली, पण परत यावंसं वाटलं तर दार उघडं आहे, कोणी तुला बोल लावणार नाही. जाणाऱ्या मुलाला परतीची वाट दाखवून ठेवायला धीर लागतो. ती स्वतः अशा वाटेने गेली होती, जिथून परत येता आलं नव्हतं.

१९७४ मध्ये ती गेली. अखेरच्या दिवसांत सिस्टर तिची शुश्रूषा करत होत्या आणि नातू भेटायला येत असे. त्याआधी, १३ डिसेंबर १९६९ ला, तिने त्याची गुरुदीक्षा पाहिली. तोवर आपण जगू की नाही याची तिला खात्री नव्हती, म्हणून एक पत्र आधीच लिहून ठेवलं होतं, थोडं स्पॅनिशमध्ये, थोडं इटालियनमध्ये. ज्यांना मी काळजातलं सगळ्यात चांगलं ते दिलं, त्या माझ्या नातवंडांना दीर्घ आणि सुखाचं आयुष्य लाभो, असं तिने लिहिलं. आणि कधी दुखणं, आजार किंवा जिवाभावाच्या माणसाचं जाणं वाट्याला आलं, तर पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे चर्चमध्ये जपलेल्या पवित्र भाकरीसमोर सोडलेला एक सुस्कारा आणि क्रुसाखाली उभ्या असलेल्या मारियेकडे टाकलेली एक नजर खोल जखमेवरही थेंबभर मलम घालते, हे त्यांनी आठवावं.

ते पत्र होर्हेने आपल्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. पुस्तक रोज उघडायचं, म्हणून पत्रही रोज हाताशी असायचं.