मध्य लयीतल्या बॅलड्स: ही तीन गाणी चालता चालता ऐका

नमस्कार मंडळी! बॅलड म्हटलं की डोळ्यांसमोर अंधारलेलं स्टेज येतं, एक पियानो, आणि सावकाश, आर्त आवाजात गायलेलं विरहगीत. तीही गाणी मला आवडतात. पण आज बोलायचंय मिड-टेम्पो बॅलडबद्दल. आपल्या शब्दांत सांगायचं तर विलंबित नाही, द्रुतही नाही, मध्य लय.

मला ही गाणी जास्त जवळची वाटतात. मन मोडलं म्हणून माणूस घरी बसून राहत नाही ना! डबा भरायचा असतो, गाडी पकडायची असते. या गाण्यांचा ठेका तसा रोजच्या चालण्याचा असतो, आणि आवाज मात्र आत अडकलेलं काहीतरी सांगत असतो.

सुरुवात करूया फ्लीटवूड मॅक या बँडच्या ‘ड्रीम्स’पासून. 1977 चा ‘रूमर्स’ हा अल्बम. त्याचं रेकॉर्डिंग चालू होतं तेव्हा गायिका स्टीव्ही निक्स आणि गिटारिस्ट लिंडसी बकिंगहॅम यांचं नातं तुटत होतं. बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही आणि कीबोर्डवरची क्रिस्टीन मॅकव्ही यांचाही संसार मोडला होता. आणि ही सगळी माणसं रोज एकाच स्टुडिओत, कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोमध्ये! एके दिवशी स्टीव्ही तिथल्याच दुसऱ्या एका खोलीत गेली, पलंगावर बसून कीबोर्ड पुढे घेतला, एक ठेका लावला आणि कॅसेट रेकॉर्डर सुरू केला. ती सांगते, दहाएक मिनिटांत गाणं झालं.

आता हेडफोन लावा आणि फक्त बेसकडे कान द्या. जॉन जवळजवळ अख्खं गाणं दोन सुरांवर काढतो, एफ आणि जी. इकडून तिकडे, तिकडून इकडे. क्रिस्टीनला हे पियानोवर पहिल्यांदा ऐकताना कंटाळवाणं वाटलं होतं. मग लिंडसीने त्याच कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जोड्यांवर) असे वेगवेगळे भाग उभे केले की आपल्याला पत्ताच लागत नाही. गाणं त्याच्यावरच आहे, बरं का! ‘जायचंय तर जा, पण एकटेपणा काय असतो ते कळेल तुला’ अशा अर्थाचं. आणि ते सजवलं त्यानेच. मी हे पहिल्यांदा वाचलं, त्या दिवशी गाणं पुन्हा पुन्हा ऐकत बसले होते.

अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं हे एकमेव गाणं. लय मिनिटाला साधारण 120 ठोके, म्हणजे भराभर चालणाऱ्याची पावलं. स्टेशनवरून घरी येताना मी हे लावते, आणि दोन मिनिटांत माझं उजवं पाऊल बरोबर स्नेअरवर, म्हणजे ड्रम्समधल्या कडक ठोक्यावर, पडायला लागतं. करून बघा.

दुसरं गाणं, सिंडी लॉपरचं ‘टाइम आफ्टर टाइम’. तिने आणि रॉब हायमनने मिळून लिहिलेलं, 1984 मध्ये अमेरिकेत एक नंबरवर गेलेलं. ध्रुवपदात तिच्या आवाजाखाली जो पुरुषाचा आवाज येतो ना, तो रॉबचाच. चालीत किती ताकद आहे ते ऐकायचं असेल, तर 1985 मध्ये जॅझवादक माइल्स डेव्हिसने ट्रम्पेटवर वाजवलेलं हेच गाणं ऐका. एकही शब्द नाही, आणि तरी सगळं पोचतं.

आणि ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’. 11 जून 1988, लंडनचं वेम्बली स्टेडियम, नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाची मैफल. मंडेला अजून तुरुंगातच होते. ट्रेसी आपली गाणी गाऊन मोकळी झाली होती. पण ऐनवेळी गायक स्टीव्ही वंडरच्या वाद्यसामग्रीतला एक महत्त्वाचा भाग सापडेना, आणि आयोजकांनी तिला पुन्हा स्टेजवर बोलावलं. एवढ्या मोठ्या मैदानात एकटी मुलगी, हातात एक गिटार.

या गाण्यात ड्रम्सची वाट बघा. अंतऱ्यात दारुड्या बापाची, सुटलेल्या शाळेची गोष्ट येते, आणि तिथे गिटारची तीच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येत राहते. ध्रुवपदात, गाडीच्या वेगाची आठवण येते तेव्हाच ड्रम्स भरून येतात. अंगावर काटा येतो माझ्या, आजही. मग ती आठवण सरते, ड्रम्स मागे हटतात. शेवटी ती त्या गाडीवाल्या जोडीदारालाच सांगते, गाडी घे आणि जा. आवाज चढवत नाही, लय वाढवत नाही. उरते ती पहिलीच गिटार.