अपील इज पार्टली अलाउड

(दृश्य: सकाळ. धुऱ्यावरून दिसणारी पऱ्हाटी, फुटलेली बोंडं. मागे दूरवर धरणाचं पाणी.)

यवतमाळ जिल्हा, नोव्हेंबर महिना. कापसाचा पहिला वेचा सुरू आहे. मागे चमकणारं पाणी धरणाचं आहे. त्याच्या तळाशी वावरं आहेत. त्यातलं साडेचार एकर वावर या घरचं होतं.

(दृश्य: ओसरी. पत्र्याची पेटी. प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद बाहेर येतो.)

सातबारा. फेरफार. भूसंपादनाची नोटीस. निवाडा. मोबदल्याची पावती. आबाजींची शाळा चौथीत सुटली, पण यातला एकेक कागद त्यांना वाचता येतो, कारण तो मराठीत आहे. गट नंबर तर ते कागदाकडे न बघताच सांगतात. मोबदला कमी मिळाला म्हणून ते दिवाणी न्यायालयात गेले. तिथं रक्कम वाढवून मिळाली. तो निकालही मराठीत होता आणि तोही त्यांनी स्वतः वाचला होता, चष्मा लावून, बोट फिरवत.

पिशवीत तळाला हा कागद आहे. नागपूर खंडपीठाचा निकाल. 17 पानं, सगळी इंग्रजीत.

(दृश्य: नात शेजारी बसते. गणवेश, दोन वेण्या. शेवटचं पान उघडते.)

नात आठवीत आहे, सेमी-इंग्रजीला. आबाजी म्हणतात, "वाच बरं माय, का लिवलं हाय तं." ती वाचते. उच्चार स्वच्छ आहेत. "अपील इज पार्टली अलाउड." मग थांबते. 'अलाउड' हा शब्द तिला येतो. शाळेच्या भिंतीवरच्या पाटीत तो आहे.

"आबाजी, अर्धी परवानगी देल्ली म्हंते."

"कायची परवानगी व?"

(दृश्य: आबाजींचा चेहरा. पाच सेकंद, निवेदन नाही.)

अपील आबाजींचं नव्हतं. वाढवून दिलेल्या मोबदल्याविरुद्ध संपादन करणाऱ्या खात्यानं केलेलं होतं. ते अंशतः मंजूर झालं, याचा अर्थ आबाजींचा मोबदला घटला.

(दृश्य: नागपूर. उच्च न्यायालयाची इमारत बाहेरून. काळे कोट, फाइलींचे गठ्ठे, चहाच्या टपऱ्या.)

एखाद्या देशानं इंग्रजीला दुसरी राजभाषा करावी का, हा प्रश्न जगात ठिकठिकाणी विचारला जातो. जपानमध्ये जानेवारी 2000 मध्ये पंतप्रधान ओबुची यांनी नेमलेल्या आयोगानं असा विचार पुढं मांडला होता, की पुढंमागं इंग्रजीला दुसरी राजभाषा करण्यावर देशानं चर्चा करावी. चर्चा जोरात झाली, पण कायदा झाला नाही. जपानचं न्यायालय आजही जपानीतच बोलतं, कारण तिथल्या न्यायालयांच्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायचा तर आधी एक कबूल करावं लागतं. आपण इंग्रजी केव्हाच स्वीकारलेली आहे. ती कशी स्वीकारली, हे समजल्याशिवाय या 17 पानांचा उलगडा होत नाही.

(दृश्य: संविधान सभेची जुनी छायाचित्रं.)

सप्टेंबर 1949. संविधान सभेत भाषेवर तीन दिवस खडाजंगी चालली. आकडे देवनागरी घ्यायचे की आंतरराष्ट्रीय, इथपर्यंत वाद गेला होता. के. एम. मुन्शी आणि गोपालस्वामी अय्यंगार यांनी तोडगा काढला आणि 14 सप्टेंबरला तो मंजूर झाला. संघराज्याची राजभाषा देवनागरी लिपीतली हिंदी. इंग्रजी आणखी 15 वर्षं, म्हणजे 26 जानेवारी 1965 पर्यंत. तोवर देश तयारी करील, असं गृहीत धरलं होतं.

1955 मध्ये पहिला राजभाषा आयोग बसला. अध्यक्ष होते बाळ गंगाधर खेर, मुंबई प्रांताचे माजी मुख्यमंत्री, आपले मराठी. पुढं 1963 चा राजभाषा अधिनियम आला. मुदतीनंतरही इंग्रजी वापरता येईल, असं त्यात म्हटलं होतं. 'येईल' या मोघम क्रियापदावर दक्षिणेचा भरवसा बसेना. जानेवारी 1965 मध्ये मद्रास राज्य पेटलं, माणसं मेली. लालबहादूर शास्त्रींना रेडिओवरून देशाला शब्द द्यावा लागला. 1967 मध्ये तो शब्द कायद्यात आला. हिंदी ज्यांची राजभाषा नाही, अशा सगळ्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करावेत, मग संसदेच्या दोन्ही सभागृहांनी करावा, तेव्हाच इंग्रजी जाईल. एक राज्य जरी 'नाही' म्हणालं, तरी ती राहील.

तमिळ माणसाच्या त्या भीतीत तथ्य होतं. दुसऱ्या कुणाची भाषा आपल्यावर राज्य करू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आबाजींच्या ओसरीवर बसून ते मला जास्त कळलं.

न्यायालयांची गोष्ट याहून वेगळी आहे. संविधानाचं कलम 348 सांगतं, की संसद वेगळा कायदा करेपर्यंत सर्वोच्च न्यायालयाचं आणि प्रत्येक उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीतच चालेल. याला 15 वर्षांची मुदतही नाही. त्याच कलमात एक खिडकी ठेवलेली आहे. राष्ट्रपतींची आधी संमती घेऊन राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदी किंवा राज्याची भाषा आणू शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार या राज्यांनी त्या खिडकीतून हिंदी आत नेली. मराठी अजून बाहेर उभी आहे.

(दृश्य: नागपूरची जुनी छायाचित्रं. झिरो माइलचा दगड.)

आणि हे नागपूर काही भाषांच्या बाबतीत अडाणी शहर नव्हे. इथं 1936 पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होतं. हे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानीचं शहर, आणि त्या राज्यानं 1950 च्या कायद्यानं हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषा मानल्या होत्या. दोन भाषांमधून सरकार चालवता येतं, हे या मातीनं करून पाहिलेलं आहे. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. 1964 मध्ये महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम झाला आणि तहसील मराठीत आली. 1998 मध्ये राज्य सरकारनं खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. म्हणून आबाजींची पेटी जवळजवळ सगळी मराठीत आहे. गावापासून जिल्ह्यापर्यंत माणसाला आपला न्याय वाचता येतो. जिल्ह्याच्या पुढं येत नाही.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, जवळून. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मराठीत. कॅमेरा तळाच्या ओळींवर.)

सर्वोच्च न्यायालय आता आपले निकाल मराठीसह अनेक भारतीय भाषांत भाषांतर करून संकेतस्थळावर टाकतं. हे फार मोलाचं काम आहे. पण निकालाखालची ही तळटीप वाचा. हे भाषांतर पक्षकाराला आपल्या भाषेत समजावं एवढ्यापुरतंच, इतर कशासाठी ते वापरता येणार नाही. अंमलबजावणीसाठी इंग्रजी प्रतच अधिकृत. म्हणजे मराठी समजायला आणि इंग्रजी लागू व्हायला. माझं सगळं भांडण या तळटिपेशी आहे.

(दृश्य: रिद्धपूर. महानुभावांची मंदिरं, ओट्यावर बसलेल्या वृद्ध स्त्रिया.)

अमरावती जिल्ह्यातलं हे रिद्धपूर. सातशे वर्षांपूर्वी इथल्या महानुभाव पंथात हाच प्रश्न निघाला होता. तेव्हा प्रतिष्ठेची भाषा संस्कृत होती. चक्रधर स्वामींच्या मागं पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांपुढं एक विद्वान शिष्य संस्कृतात ग्रंथ लिहायचं म्हणाला. नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. तसं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं ते म्हणाले.

नागवल्या जातील. जे त्यांचं आहे ते त्यांच्याकडून काढून घेतलं जाईल. आज याच रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतंय.

(दृश्य: सेवाग्राम. नई तालीमची इमारत, टकळी फिरवणारी मुलं.)

वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमचा आराखडा केला. सात वर्षं शिक्षण, ते मातृभाषेतून आणि हाताला काम देणारं. मॅट्रिकइतकं ज्ञान, पण इंग्रजी वगळून, असा गांधीजींचा आग्रह होता. त्यातलं मातृभाषेचं म्हणणं मला पूर्ण पटतं. इंग्रजी वगळण्याचं पटत नाही. कारण पुढचं दृश्य.

(दृश्य: सकाळी सात. फाट्यावर पिवळी गाडी. टाय बांधलेली चार-पाच वर्षांची मुलं आत चढतात. मागे जिल्हा परिषद शाळेचं फाटक.)

गावात हिला 'कॉन्व्हेंटची गाडी' म्हणतात. 12 किलोमीटर लांब, तालुक्याला जाते. फी भरायला कुणी बकरी विकतं, कुणी कर्ज उचलतं. मायबापांना नावं ठेवायचं कारण नाही. ज्या भाषेनं आपल्याला फसवलं ती पोराला आली पाहिजे, एवढा सरळ त्यांचा हिशेब आहे. महाराष्ट्रानं 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय ठेवला, तोही या हिशेबाला धरूनच.

(दृश्य: जिल्हा परिषद शाळा. चौथीचा वर्ग. फळ्यावर कापसाचं बोंड काढलेलं.)

या सरांचा तास आम्ही पूर्ण चित्रित केला. त्यांनी वर्गात खरं बोंड आणलं. पोरांनी आधी त्याची मराठीत नावं सांगितली. पाती, फूल, बोंड, सरकी, रुई, पऱ्हाटी. आमच्या वऱ्हाडात एका झाडाला किती नावं! मग सरांनी एकेकासाठी इंग्रजी शब्द दिला. 'बोल', 'सीड', 'लिंट'. शेवटी एक मुलगी उठली आणि पाहुण्यांना इंग्रजीत सांगू लागली, की तिच्या वावरात कापूस आहे आणि बाबा तो आज वेचतायत. तीन वाक्यं बोलली. अडखळली, पण पाठ केलेलं एकही नव्हतं. जे तिला मराठीत माहीत होतं, तेच ती दुसऱ्या भाषेत घेऊन आली होती.

इंग्रजी अशी यावी. रवांडानं 2008 मध्ये शाळांचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेलं, तेव्हा शिकवणाऱ्या बहुतेक शिक्षकांनाच ती येत नव्हती. घराघरात मात्र सगळे एकच भाषा बोलतात, किन्यारवांडा. आपल्या फाट्यावरच्या गाडीकडे बघताना मला ते वर्ग आठवतात.

(दृश्य: फवारणीचा पंप. कीटकनाशकाची बाटली. हात चिकटवलेलं माहितीपत्रक सोडवतो, उलगडतो.)

हे पत्रक उलगडलं की हातभर होतं. नियमानुसार त्यात हिंदी आहे, इंग्रजी आहे, मराठीही आहे. एवढ्या भाषा एका कागदावर बसवायच्या म्हणून अक्षर बाजरीच्या दाण्याहून बारीक झालंय. बाटलीवर मोठ्या टायपात दिसतं ते नाव, आणि ते इंग्रजीत. मजुराला वाचता येतो तो हा चौकोनातला रंग. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. विषबाधा झाली तर काय करायचं, हे पत्रकाच्या आतल्या घडीत आहे. 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं अनेक होती.

(दृश्य: पुन्हा ओसरी. संध्याकाळ. दिवा लागलेला.)

इंग्रजी दुसरी राजभाषा राहावी, असंच मी म्हणेन. विदर्भातलं पोट्टं चेन्नईत कामाला जाईल तेव्हा तिचाच आधार आहे. पण माणसाच्या जमिनीचा, पिकाचा आणि जिवाचा फैसला करणारा कागद आधी त्याच्या भाषेत निघावा, आणि ती प्रत कायद्यानं खरी धरावी. कलम 348 मधली खिडकी, आणि निकालांसाठी 1963 च्या अधिनियमातली तशीच खिडकी, महाराष्ट्रानं मागावी. मराठी निकालासोबत इंग्रजी भाषांतर जोडावं. तळटीप त्या भाषांतराखाली यावी.

(दृश्य: नात आणि सर चटईवर. निकालाची झेरॉक्स, शिसपेन्सिल, शब्दकोश.)

सर शाळा सुटल्यावर आले आहेत. ओळीच्या वर नात पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिते. 'अपेलंट' म्हणजे अपील करणारा. 'रिस्पॉन्डंट' म्हणजे ज्याच्याविरुद्ध अपील झालं तो. इथं ती थांबते आणि त्या शब्दावर आबाजींचं नाव लिहिते. सर्वोच्च न्यायालयात जायला निकालापासून 90 दिवस असतात. आम्ही चित्रीकरण केलं तेव्हा त्यातले 63 उलटले होते.

आबाजी विचारतात, "कितवं पान व?"

"चौथं, आबाजी."