स्लिमब्रिज : चोचीवरून ओळखले जाणारे हंस

(दृश्य : ओली पायवाट. लाल गमबूट घातलेले मूल आणि त्याच्या पुढ्यात उभा असलेला नेने.)

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर काउंटीत, सेव्हर्न नदीच्या मुखाजवळच्या सखल कुरणांमध्ये स्लिमब्रिजचे हे पाणथळ अभयारण्य आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच येथे आजी-आजोबा, बाबागाडी ढकलणारे आईवडील आणि चिखलात उडी मारण्याची संधी शोधणारी मुले यांची वर्दळ सुरू होते. मुलाच्या अगदी पुढ्यात उभा असलेला हा पक्षी म्हणजे नेने, अर्थात हवाई बेटांवरचा कादंब (इंग्रजीत 'गूज'). त्याच्या मानेवरची पिसे नुकत्याच नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारखी खोल रेषांनी विभागलेली दिसतात. पायांच्या बोटांमधला पडदा इतर कादंबांपेक्षा आखूड असतो, कारण या पक्ष्याचे आयुष्य पाण्यात कमी आणि लाव्हाच्या खडबडीत उतारांवर अधिक जाते.

१९५०च्या सुमारास हवाईमध्ये असे जेमतेम तीसेक पक्षी उरले होते. त्या वर्षी जोडी म्हणून स्लिमब्रिजला आणलेल्या दोन पक्ष्यांपैकी दोघांनीही अंडी घातली. साहजिकच नर नंतर विमानाने मागवावा लागला. पुढे येथे पिलांची पैदास झाली आणि १९६२ पासून येथे वाढलेले नेने हवाईत सोडण्यात आले. अंडी घातली गेल्यावर तेथील कर्मचाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, याची कल्पना प्रेक्षकांनी स्वतःच केलेली बरी.

(दृश्य : तळ्याकडे उघडणारी मोठी खिडकी.)

या साऱ्याची सुरुवात पीटर स्कॉट यांच्यापासून झाली. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत प्राण गमावलेले कॅप्टन स्कॉट हे त्यांचे वडील. मुलाला निसर्गाची गोडी लाव, असे त्यांनी पत्नीला शेवटच्या पत्रात कळवले होते. तरुणपणी पीटर स्कॉट कादंबांची शिकार करत. पुढे त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि ते पक्ष्यांची चित्रे काढत राहिले. १९४५च्या डिसेंबरात ते एका दुर्मीळ कादंबाच्या शोधात या कुरणांत आले, आणि १९४६ मध्ये त्यांनी येथे संस्था स्थापन केली. अभ्यासकांसाठी कुंपण घालून घेण्याऐवजी सामान्य माणसांना पक्ष्यांच्या जवळ आणायचे, हा त्यांचा आग्रह सुरुवातीपासूनच होता, आणि तोच या जागेचा खरा पाया आहे. पाणथळ जागांच्या जागतिक रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर येथे जो करार झाला, त्याच्या घडणीतही स्लिमब्रिजच्या माणसांचा मोठा वाटा होता. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरला २०२० मध्ये मिळालेला रामसर दर्जा हा त्याच करारातला.

(दृश्य : दुपारी चारचा सुमार. धान्याची ढकलगाडी घेऊन कर्मचारी तळ्याच्या काठाने चालत आहे. काचेमागे माणसांच्या रांगा.)

हिवाळ्यात दुपार कलू लागली की या काचेच्या दालनात जागा मिळवण्यासाठी कुटुंबे आधीच येऊन बसतात. ढकलगाडी दिसताच बदके, कादंब आणि हंस काठाकडे धाव घेतात, आणि फावड्याने फेकलेले धान्य पाण्यावर पडते न पडते तोच तळे माना, पंख आणि आवाज यांनी भरून जाते. यातले शुभ्र, काहीसे लहान चणीचे पक्षी म्हणजे ब्यूइक हंस. उत्तर रशियातील टुंड्रातून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर उडून ते येथे पोहोचतात. राखाडी रंगाची पिले याच वर्षी जन्मलेली असून ती आईवडिलांबरोबरच हा प्रवास करून आलेली आहेत, त्यामुळे काचेच्या दोन्ही बाजूंना सहकुटुंब मंडळीच बसलेली आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

आता चोचींकडे बारकाईने पाहावे. प्रत्येक हंसाच्या चोचीवर काळा आणि पिवळा रंग वेगळ्या तऱ्हेने मांडलेला असतो. कोणाच्या कपाळापाशी पिवळा डाग तुटतो, कोणाच्या चोचीवर काळी रेघ थेट वरपर्यंत चढते, तर कोणाच्या खालच्या कडेला एखादा ठिपका असतो. १९६४ मध्ये स्कॉट यांनी आपल्या घराच्या खिडकीत बसून या चोचींची रेखाटने करण्यास सुरुवात केली आणि प्रत्येक हंसाला नाव दिले. पुढच्या हिवाळ्यात तेच हंस परतल्यावर ते रेखाटनांवरून ओळखता येऊ लागले, आणि हळूहळू कोण कोणाचा जोडीदार, कोणाची पिले किती, कोण एकटा परतला, याची एक वंशावळच तयार झाली. पायात कडी न अडकवता इतक्या पिढ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. हे हंस सहसा जन्मभर एकाच जोडीदारासोबत राहतात. २०१० मध्ये एक जोडी वेगवेगळ्या जोडीदारांसह परतली, तेव्हा सुमारे चार हजार जोड्यांच्या नोंदींमध्ये अशी ती दुसरीच घटना ठरली, आणि वर्तमानपत्रांनी तिला घटस्फोटाची बातमी म्हणून छापले.

वायव्य युरोपात येणाऱ्या ब्यूइक हंसांची संख्या १९९५ मधील सुमारे २९ हजारांवरून २०१० मध्ये १८ हजारांवर आली. एक्स-रे काढलेल्या हंसांपैकी जवळपास एक तृतीयांश हंसांच्या अंगात बंदुकीचे छर्रे आढळले.

(दृश्य : जुने चित्रण. करडा झगा आणि चेहरा झाकणारी टोपी घातलेली व्यक्ती, हाती क्रौंचाचे खोटे डोके.)

झग्यातली ही आकृती कर्मचाऱ्याची आहे. शिकारीमुळे आणि दलदली कोरड्या पाडल्या गेल्यामुळे क्रौंच पक्षी सुमारे चारशे वर्षांपूर्वी ब्रिटनमधून वीण करणारा पक्षी म्हणून नाहीसा झाला. त्याला परत आणण्यासाठी २०१० ते २०१४ या काळात जर्मनीतून अंडी आणून स्लिमब्रिजमध्ये ती उबवण्यात आली. पिलांनी माणसाला आई समजू नये, म्हणून त्यांना वाढवणाऱ्यांनी आपला चेहरा आणि अंगाची ठेवण लपवली. चिमट्याच्या टोकाला क्रौंचाचे डोके बसवून त्याच चोचीने खाद्य पिलापुढे धरले जाई आणि पिलू ते टिपायला शिके. एकत्र ठेवलेली पिले एकमेकांवर तुटून पडतात, म्हणून आरंभी त्यांना वेगवेगळे ठेवावे लागे. पाय बळकट व्हावेत म्हणून पालकाचे सोंग घेतलेला माणूस त्यांना गवतातून फिरवी. असे एकूण ९३ क्रौंच सॉमरसेटच्या पाणथळ कुरणांत सोडण्यात आले. त्यांतले काही पुढे आपण होऊन स्लिमब्रिजला परतले आणि येथेच घरटी करू लागले.

(दृश्य : पाणमांजरांचे तळे, मग मुलांचे खेळण्याचे पाणी.)

अमेरिकी पाणमांजरांना मासे दिले जात असताना काठावर होणारी गर्दी आणि गमबूट घालून पाण्यात धडपडणारी मुले यांना निवेदनाची गरज नाही.

येथे येऊ इच्छिणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की ब्यूइक हंस मार्चच्या सुरुवातीपर्यंत उत्तरेकडे निघून जातात आणि क्रौंचांची पिले तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मेच्या सुमारास, बाहेर पडतात, त्यामुळे दोन्ही पाहण्याची इच्छा असलेल्या कुटुंबाला वर्षातून किमान दोनदा यावे लागते.