ब्लूमिंग्टनचा अंगारक

(मेळाव्यातील भाषण, किंचित संपादित)

नमस्कार मंडळी!

अध्यक्षबाईंनी दहा मिनिटं दिली आहेत आणि मागे वड्यांचा पहिला घाणा उतरलाय, तेव्हा थेट प्रश्नच विचारतो. मंगळ ग्रहाला मंगोलियात काय म्हणतात? 'अंगरग'. म्हणजे आपल्या अंगारकीतला अंगारकच! बुधाला 'बुद', शुक्राला 'सुगर', गुरूला 'बरखसबाद', म्हणजे बृहस्पती. आणि शनैश्चराचा झालाय 'सांचिर'. बौद्ध ग्रंथांबरोबर ही नावं कधीतरी उत्तरेला गेली आणि तिथल्या थंडीत जरा आखडली, एवढंच.

हे मला पुण्यात कुणी सांगितलं नव्हतं. कळलं ते इथून तासाभरावर, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला. मुलीला इंडियाना विद्यापीठात सोडायला गेलो, तर तिनं भाषा निवडली मंगोलियन. हिनं कपाळाला हात लावला. "अगं, फ्रेंच तरी घे!" आता आमच्या फ्रिजवर वरून खाली लिहिलेल्या जुन्या मंगोल लिपीतल्या ओळी चिकटवलेल्या असतात. घरी आलेल्या पाहुण्यांना ती नक्षी वाटते.

त्या विद्यापीठात मध्य युरेशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. हंगेरी-फिनलंडपासून मंगोलियापर्यंत आणि खाली तिबेटपर्यंतचा पट्टा त्यात येतो. उझबेक, कझाख, उइघुर, पश्तो अशा भाषा मक्याच्या शेतांच्या मुलखात कशा आल्या? खरं सांगायचं तर भीतीपोटी. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला या भाषा येणारी माणसं हवी होती, तिथून सुरुवात झाली. 1957 मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि 1958 च्या कायद्यानं परक्या भाषांसाठी सरकारी तिजोरी उघडली. मध्य आशियाई भाषांची पाठ्यपुस्तकं तयार करणारं केंद्र आलं 2002 मध्ये, म्हणजे 9/11 च्या हल्ल्यानंतर लगेच. साल बघितलंत की कारण सांगायला नको. शेजाऱ्याची धास्ती बसल्याशिवाय त्याची भाषा शिकायला पैसे निघत नाहीत, हे मला खटकतंच.

पण पैसा कशासाठीही आलेला असो, माणसं आपल्या ओढीनं आली. 1916 साली ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेले डेनिस सिनोर केंब्रिज सोडून 1962 मध्ये ब्लूमिंग्टनला आले आणि 2011 मध्ये गेले ते तिथेच. 'मध्य युरेशिया' हा शब्द विद्वानांच्या तोंडी रुळवण्यात त्यांचा मोठा वाटा. दलाई लामांचे थोरले भाऊ थुबतेन जिग्मे नोर्बू 1965 पासून तिथे तिबेटी शिकवत. पुढे 1979 मध्ये त्यांनी गावाबाहेर तिबेटी सांस्कृतिक केंद्र उभारलं. देश गमावलेला माणूस इंडियानाच्या मुलांकडून तिबेटी मुळाक्षरं गिरवून घेतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या अक्षरांचं मूळही आपल्या देवनागरीसारखंच ब्राह्मीत आहे.

आता आपल्या घरचं. 'कैची' तुर्की आहे. 'दरोगा' मंगोल, मुलगी सांगते, तिकडे आजही साहेबाला 'दर्ग' म्हणतात. आणि 'मशालची' घ्या. मशाल अरबी, 'ची' म्हणजे 'वाला' हा प्रत्यय तुर्की, आणि ती धरून पालखीपुढे चालणारा मराठी! इस्तंबूलमध्ये पुस्तकं विकणारा 'किताप्‌ची' आणि मासे विकणारा 'बालिक्‌ची' याच 'ची'चे भाऊबंद. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी-तुर्की शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पण हा 'ची' काही हलला नाही. तुर्की शिकणाऱ्या आपल्या पोरांना तो पहिल्याच महिन्यात ओळखू येईल.

मुलीच्या वर्गात मोजून चार जण आहेत. चौघांसाठी अख्खा प्राध्यापक! आपल्या रविवारच्या मराठी शाळेत सात मुलं उरली म्हणून वर्ग बंद करायचा विषय मागच्या बैठकीत निघाला होता, तेव्हा मी गप्प बसलो होतो. आज बोलतोय.

पुढच्या महिन्यात शाळेच्या मुलांना घेऊन तिबेटी केंद्रातला स्तूप बघायला जायचं ठरतंय. गाड्या आपल्याच, डबे आपलेच. ज्यांना यायचंय त्यांनी वडे खाऊन झाल्यावर आपल्या खजिनदारांकडे नावं द्या. चुकलो, खजिनचींकडे.