वेंडेल स्कॉट आणि मातीचा ट्रॅक

मित्रहो, वेंडेल स्कॉट यांचे नाव निघाले की मोटारशर्यतीचे जाणकार एकच हिशेब सांगतात: अमेरिकेतल्या नॅसकार या मोटारशर्यत संघटनेच्या सर्वोच्च मालिकेत शर्यती 495 आणि विजय एक. हिशेब खरा आहे. पण तेवढ्यावरून त्यांची योग्यता जोखणे मला अन्यायाचे वाटते, कारण ते कोणत्या गाडीने आणि कोणाच्या पैशाने धावले, हे त्यात कुठेच येत नाही.

स्कॉट यांचा जन्म 1921 साली व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात मेकॅनिक होते. परतल्यावर त्यांनी स्वतःचे गॅरेज काढले आणि जोडीला रात्री हातभट्टीची दारू गाडीतून पोहोचवण्याचा धंदा केला. जुन्या इंजिनातून पोलिसांच्या गाडीला मागे टाकण्याइतकी ताकद काढायची आणि अंधाऱ्या रस्त्यावर ती गाडी ताब्यात ठेवायची, ही त्यांची खरी तालीम होती. 1952 मध्ये कृष्णवर्णीय चालक उतरवला तर प्रेक्षक वाढतील, असा विचार डॅनव्हिलच्या आयोजकांनी केला, आणि असा चालक कोण हे विचारायला ते गेले पोलिसांकडेच. पोलिसांनी नाव सांगितले ते कृष्णवर्णीय स्कॉट यांचे.

मातीचा ट्रॅक म्हणजे नुसता कच्चा रस्ता नव्हे. आखाड्यातली माती जशी मशागत करून तयार करतात, तशी इथली चिकणमाती पाणी पाजून, दाबून बसवलेली असते. सुरुवातीला ओलाव्यामुळे टायर जमिनीला धरून राहतात. मग फेऱ्यांमागून फेऱ्या होतात, वरचा थर वाळतो आणि गाड्या जिथून धावतात तो पट्टा घासून गुळगुळीत होतो. अशा वेळी डाव्या वळणात शिरताना गाडीचा मागचा भाग मुद्दाम घसरू द्यायचा, स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचे आणि पुढचा तोल अॅक्सिलरेटरवरच्या पायाने सांभाळायचा. इथे इंजिनाची उणीव चालकाला काही प्रमाणात भरून काढता येते, आणि स्कॉट यांच्याकडे उणिवांना तोटा नव्हता. गाडी दुसऱ्याने वापरलेली, सुटे भाग जुने आणि मदतीला घरची मुले, अशा स्थितीत त्यांनी 1961 मध्ये सर्वोच्च मालिकेत पाऊल टाकले.

1 डिसेंबर 1963 रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर 200 फेऱ्यांची शर्यत झाली. 25 फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी बिघडलेल्या गाडीतल्या रिचर्ड पेटी यांना मागे टाकले. तरीही विजेते म्हणून बक बेकर यांचे नाव पुकारले गेले. स्कॉट त्यांच्या दोन फेऱ्या पुढे होते, म्हणजे तब्बल एक मैल! सुमारे दोन तासांनी हे मान्य झाले, तोवर प्रेक्षक घरी गेले होते. मोजणीत चूक झाल्याचे सांगण्यात आले. वर्णभेदाने ग्रासलेल्या त्या दक्षिणेत, हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर एका कृष्णवर्णीयाच्या हाती करंडक द्यायचा नव्हता, हेच कारण मला पटते. त्या विजयाचा करंडक त्यांच्या कुटुंबाला 2021 मध्ये मिळाला. स्कॉट 1990 मध्येच गेले होते.

1966 च्या हंगामात ते गुणतक्त्यात सहावे आले, आणि हे मला त्या एका विजयापेक्षा मोठे वाटते, कारण वर्षभर गाडी सतत चालती ठेवल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. पण ट्रॅक एकेक करून डांबरी होत गेले. 1970 मध्ये रॅले येथे शर्यत झाल्यावर या मालिकेतून माती अर्धशतकासाठी हद्दपार झाली, आणि लांब, वेगवान डांबरी ट्रॅकवर पैशाचे बळ निर्णायक ठरू लागले. स्कॉट यांनी कर्ज काढून चांगली गाडी घेतली. 1973 च्या मे महिन्यात टॅलाडेगा येथे अनेक गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यात ती गाडी गेली आणि ते स्वतः गंभीर जखमी झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्लट येथे ते पुन्हा उतरले, बारावे आले आणि डॅनव्हिलच्या आपल्या गॅरेजमध्ये परतले.