पेज बिल्डर कोणता घ्यायचा? आधी तो बंद करून बघा

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ वर्डप्रेसच्या, म्हणजे वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, बॅकअपवर होता आणि खाली कमेंटमध्ये बॅकअपबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. सगळ्यांचं एकच, "ताई, ते राहू द्या, पेज बिल्डर कोणता घेऊ ते सांगा." एकाने तर लिहिलंय, "लेक्चर नको भिया, सरळ नाव सांगा." मी ताई आहे, पण इंदुरात सगळेच भिया, तेव्हा चालेल.

पेज बिल्डर म्हणजे ओढून-सोडून पान मांडायचं साधन. नावं सांगते, पळवाट काढणार नाही. पण त्याआधी एक चाचणी दाखवते, कारण ती न करता नाव घेऊन गेलात तर दोन वर्षांनी परत इथेच कमेंट करायला याल.

प्राथमिक गोष्टी भराभर. वर्डप्रेस २००३ पासून आहे. त्यात लेख आणि पानं हे दोन प्रकार आयते मिळतात. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्ती आली, तेव्हापासून एडिटर ब्लॉकचा झाला, म्हणजे परिच्छेद, चित्र असे एकेक तुकडे रचून पान बनवायचं, त्यालाच लोक गुटेनबर्ग म्हणतात. त्याहून जास्त काही हवं असेल तर प्लगइन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअरं, लागतात, आणि त्यांच्या ढोबळमानाने तीन जाती. पहिली, पेज बिल्डर: एलिमेंटर, डिव्ही, डब्ल्यूपी बेकरी, बीव्हर बिल्डर. दुसरी, मूळ एडिटरमध्ये आणखी ब्लॉक भरणारे. तिसरी, कस्टम फील्डवाले, म्हणजे तारीख, भाव असे माहिती भरायचे वेगळे रकाने देणारे: अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स म्हणजे एसीएफ, मेटा बॉक्स, पॉड्स. झालं. एवढं तर तुम्हाला माहीतच असतं.

आता चाचणी. प्लगइन बसवा, त्यात एक खरंखुरं पान बनवा, पब्लिश करा. आणि मग प्लगइन बंद करा. डिलीट नाही हं, फक्त डीअ‍ॅक्टिव्हेट. काही प्लगइन डिलीट करताना स्वतःचा डेटाही पुसून जातात, ती वेगळी भानगड. बंद केल्यावर कॅशे साफ करा आणि ते पान प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा.

ही कॅशेची पायरी सगळे गाळतात! मला मेल येतात, "ताई, बंद केलं, काहीच बिघडलं नाही, मस्त प्लगइन आहे." अहो, तुम्ही कालचं साठवलेलं पान बघताय. कॅशे प्लगइनचा असतो, होस्टिंगचा असतो, क्लाउडफ्लेअर लावलं असेल तर तिथलाही असतो. तिन्ही साफ केल्याशिवाय चाचणी झाली असं म्हणू नका. आणि हे चालू साइटवर करायचं नाही, स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीपुरत्या प्रतीवर करायचं. होस्टिंगमध्ये स्टेजिंगची सोय नसेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड आहे, ब्राउझरमध्येच आख्खं वर्डप्रेस उघडतं, सर्व्हर लागत नाही, पैसे लागत नाहीत.

तर बंद केल्यावर काय उरतं?

डब्ल्यूपी बेकरी बंद केलंत तर पानभर चौकोनी कंस, म्हणजे मांडणीच्या खुणा, त्यांना शॉर्टकोड म्हणतात. व्हीसी अंडरस्कोर रो, व्हीसी अंडरस्कोर कॉलम, आणि मध्ये कुठेतरी तुमचा मजकूर. डिव्हीच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत तेच, कंसातले शब्द फक्त वेगळे. पाचव्या आवृत्तीत त्यांनी शॉर्टकोड सोडून ब्लॉकच्या वळणाची साठवण घेतली. एलिमेंटरचं जरा बरं. मांडणी जाते, पण मजकूर, मथळे, चित्रं साध्या रूपात उरतात, कारण तो साधी प्रत लेखाच्या जागी ठेवतो आणि मांडणी वेगळी साठवतो. मात्र हेडर-फूटर त्याच्यात बनवले असतील तर ते गेले. बीव्हर बिल्डरही साधं वाचण्याजोगं एचटीएमएल मागे ठेवतो.

ब्लॉकवाल्यांमध्ये एक खोच आहे. काही ब्लॉक स्थिर असतात, त्यांचं एचटीएमएल लेखातच लिहिलेलं असतं. प्लगइन गेलं तरी मजकूर दिसतो, फार तर रूप बिघडतं. काही ब्लॉक मात्र दर वेळी पान उघडलं की सर्व्हरवर तयार होतात. प्लगइन बंद, की त्या जागी काही नाही. कंस नाही, एरर नाही, कोरी जागा. हे जास्त वाईट, कारण कंस निदान दिसतात तरी. एसीएफचे ब्लॉकसुद्धा याच दुसऱ्या प्रकारातले. तेव्हा "मी गुटेनबर्ग वापरतो, मला काय काळजी" असं म्हणू नका. मूळ वर्डप्रेसचे ब्लॉक आणि कुठल्यातरी अ‍ॅडऑनचे ब्लॉक एडिटरमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतात, पण चाचणीत त्यांची गत वेगवेगळी होते.

सियागंजात मसाल्यांचे एक घाऊक व्यापारी आहेत, त्यांची साइट माझ्याकडे आली होती. आधी ज्यांनी बनवली त्यांनी थीमबरोबर, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याबरोबर, फुकट मिळालेला बिल्डर वापरला होता. कुणाचा ते सांगत नाही. थीमबरोबर आलेल्या प्लगइनचं अपडेट बहुतेक वेळा थीमवाला देईल तेव्हाच मिळतं, आणि त्या थीमवाल्याने काम बंद केलेलं. वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीच्या नव्या आवृत्तीवर साइट रडायला लागली. काका म्हणाले, "थीम बदलून टाका, मजकूर तर तोच आहे ना!" तोच होता. पण प्रत्येक मसाल्याचं वर्णन कंसांच्या आत अडकलेलं, भाव एका ठिकाणी ठळक अक्षरात, दुसरीकडे चक्क चित्रात. काकांचा मुलगा आणि मी बसून एकेक वर्णन बाहेर काढलं. हळदीच्या पानावर मिरचीचा भाव निघाला, तो किती दिवस तिथे होता कुणास ठाऊक. काकांनी चहा पाजला आणि बिल बघून म्हणाले, "एवढ्यात तर नवी साइट झाली असती." खरं होतं ते.

तीच गोष्ट आता मागच्या दाराने बघू. होस्टिंगच्या पॅनलमधून पीएचपी-माय-अ‍ॅडमिन, म्हणजे डेटाबेस बघायचं साधन, उघडा. घाबरू नका, काही बदलायचं नाही, फक्त बघायचं. डब्ल्यूपी पोस्ट्स नावाचं टेबल असतं, त्यात लेखाचा मजकूर. डब्ल्यूपी पोस्टमेटा नावाचं दुसरं, त्यात फील्ड. तुमचा लेख शोधा आणि मजकुराचा रकाना वाचा. माणसाला वाचता आला, तर ठीक. कंसांचं जंगल दिसलं, तर कळलं काय ते. एसीएफमध्ये भरलेलं फील्ड पोस्टमेटात सरळ एका ओळीत सापडतं, फील्डचं नाव आणि समोर किंमत. एसीएफ बंद केलं तरी ती ओळ तिथेच असते.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर एसीएफ बंद केल्यावर साइट पडू शकते. थीममध्ये त्याचं फंक्शन थेट वापरलं असेल तर 'क्रिटिकल एरर' येतो. म्हणजे समोरून बघाल तर एसीएफ नापास, आणि मागून बघाल तर पास! म्हणून दोन्हीकडून बघा म्हणतेय. पडलेली साइट दुपारभरात उभी करता येते. अडकलेला मजकूर बाहेर काढायला आठवडे जातात.

आपल्या इंदुरातल्या छप्पन दुकानवर पोह्यांवर जीरावन मसाला वरून भुरभुरवतात. तोच कांद्याबरोबर परतून टाकला तर गिऱ्हाईक "बिना जीरावन" म्हणाल्यावर काय करणार? मजकूर आणि सजावट यांचं तसंच आहे.

ब्लॉक किंवा बिल्डर सोडून फील्डकडे कधी वळायचं, हेही विचारतात. समजा रामबागेतल्या एखाद्या मराठी मंडळाची साइट आहे. नाटक, व्याख्यान, गणेशोत्सव, दिवाळी पहाट, वर्षभर कार्यक्रम. बिल्डरमध्ये कुणीतरी हौसेने सुंदर चौकट बनवतं, आत लिहितं, "रविवार, १४ सप्टेंबर, सायं. ६.३०, रवींद्र नाट्यगृह." छान दिसतं. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती तारीख नाही, अक्षरं आहेत. क्रम लावता येत नाही, झालेला कार्यक्रम आपोआप खाली जात नाही. मग संक्रांत आली तरी होमपेजवर गणेशोत्सवाचं आमंत्रण. तुम्ही पाहिल्या असतील अशा साइट्स, नावं कमेंटमध्ये नका लिहू, भांडणं होतात.

तेच 'कार्यक्रम' नावाचा कस्टम पोस्ट टाइप, म्हणजे लेख-पानांसारखाच आपला वेगळा प्रकार, केला आणि तारखेचं फील्ड दिलं, तर एसीएफ ती तारीख २०२५०९१४ अशी साठवतं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्यामुळे साधी आकड्यांची तुलना करून पुढचे कार्यक्रम वर, झालेले संग्रहात. आणि सचिव काकूंना फक्त चार रकाने भरायचे: नाव, तारीख, स्थळ, कलाकार. चौकट सरकवायची नाही, रंग निवडायचा नाही. माझा नियम साधा आहे: एकाच छापाची माहिती परत परत भरायची असेल तर फील्ड. एकदाच बनवायचं पान असेल तर ब्लॉक. पोस्ट टाइप मात्र थीमच्या फाइलमध्ये नोंदवू नका. थीम बदलली की मेनूतून 'कार्यक्रम' गायब होतो आणि लोक मला रात्री फोन करतात की सगळं उडालं. उडालेलं नसतं, डेटाबेसमध्ये असतं, पण नोंदणी गेलेली असते. छोट्याशा वेगळ्या प्लगइनमध्ये ठेवा. एसीएफच्या ६.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, त्यातूनच पोस्ट टाइप करता येतो, फुकट आवृत्तीतही. एकाखाली एक वाढणारे रकाने, म्हणजे रिपीटर, हवे असतील तर प्रो घ्यावं लागतं.

एकाने विचारलंय, "एसीएफचं भांडण झालं होतं ना, मग ते कशाला सांगता?" बरोबर आहे, झालं होतं. एसीएफ २०२२ पासून डब्ल्यूपी इंजिन कंपनीकडे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्डप्रेसच्या प्लगइन दालनातलं त्याचं पान वर्डप्रेस डॉट ऑर्गने ताब्यात घेतलं आणि सिक्युअर कस्टम फील्ड्स असं नाव दिलं. प्रकरण कोर्टात गेलं, डिसेंबरात अंतरिम आदेश आला, पान परत गेलं, आणि आता दोन्ही प्लगइन वेगवेगळे उभे आहेत. त्या दिवसांत ग्रुपवर नुसता गोंधळ होता. पण ज्यांची माहिती पोस्टमेटात सरळ पडली होती, त्यांना हे वापरा की ते वापरा, माहिती वाचता येत होती. मालक बदलला, नाव बदललं, डेटा जागच्या जागी. मी चाचणी चाचणी करते ती याचसाठी. कंपनी उद्या काय करेल ते आपल्या हातात नाही, डेटा कुठे ठेवायचा ते आहे.

जरा विषयांतर, कारण ही कमेंट दर महिन्याला येते: "मराठी फॉन्ट तुटका दिसतो." बिल्डरच्या टायपोग्राफीत लेटर स्पेसिंग नावाची पट्टी असते. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये ती वाढवलेली असते, स्टायलिश दिसायला. देवनागरीत अक्षरं लांब गेली की शिरोरेषा तुटते. शून्य करा, फॉन्टला शिव्या देऊ नका. दुसरं, लेखाचा पत्ता मराठीत ठेवलात तर एकेक अक्षर, एकेक मात्रा आत नऊ-नऊ चिन्हांची होते, आणि वर्डप्रेस तिथे २०० चिन्हंच घेतं. म्हणजे बावीसेक अक्षर-मात्रांनंतर पत्ता कापला जातो. छोटा ठेवा.

दालनात प्लगइन निवडताना शेवटचं अपडेट कधी आणि कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय, हे बघा. तारे नंतर बघा. आणि टेलिग्रामवरून 'नल्ड', म्हणजे लायसन्स फोडलेलं, प्रो आणू नका. हॅक झालेली साइट माझ्याकडे आली की माझा पहिला प्रश्न तोच असतो, आणि समोरचा आधी नाही म्हणतो, मग हळूच हो म्हणतो. 'शंभर विजेटवाला' अ‍ॅडऑन पॅकही नको. तुम्ही वापरणार त्यातलं एक काउंटर आणि एक स्लायडर. स्लायडर तर तसाही कुणी बघत नाही.

हं, नावं. पाच-सात पानांची साइट, दुकान किंवा क्लास: मूळ ब्लॉक एडिटर, वर काही नको. कार्यक्रम, उत्पादनं, शिक्षकांची यादी असं काही: ब्लॉक एडिटर आणि जोडीला एसीएफ, आधी फुकटचं. मेटा बॉक्सही चांगलं आहे, फक्त त्याचे गट एकाच रकान्यात गुंडाळून साठवले जातात, आतल्या गोष्टीवर क्रम लावायचा असेल तर ते अडतं. ग्राहक ओढून-सोडूनच हवं म्हणून अडून बसला, तर एलिमेंटर, पण जाहिरातीच्या पानापुरतं. त्यात कार्यक्रम भरायचे नाहीत.

शेवटचा प्रश्न: "माझी साइट आधीच बिल्डरमध्ये आहे, सगळी पाडू का?" नको. जुनी पानं आहेत तशी राहू द्या, लायसन्स चालू ठेवा. फक्त जे दर महिन्याला भरता, ते पुढच्या नोंदीपासून फील्डमध्ये भरायला लागा. जुनी पानं ज्यांना वाचक आहेत तेवढीच सावकाश हलवा. आणि तुमचा बिल्डर स्टेजिंगवर बंद करून, तिन्ही कॅशे साफ करून काय दिसलं, ते प्लगइनच्या आवृत्तीसकट खाली लिहा. ज्याचे कंस सगळ्यात जास्त, तो पुढच्या व्हिडिओत घेते.