लॅरी होम्सचा डावा हात

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषयाखाली 'जगज्जेता बॉक्सर' असं छापलं ते बरं झालं, नाहीतर एका ओळखीच्या गृहस्थांनी फोन करून विचारलं होतं, सर त्या पाव्हण्याच्या डाव्या हाताला झालंय काय, फिजिओथेरपीवर बोलणार आहात का? हसू नका, ते समोरच बसलेत.

मोहम्मद अली माहीत नाही असं या हॉलमध्ये कोणी नाही. टायसन तर गल्लीतल्या पोरांनाही माहिताय, कान चावला म्हणून. पण या दोघांच्या मधे सात वर्षं, 1978 ते 1985, जगाचा हेवीवेट चॅम्पियन कोण होता, सांगा बघू? बघा, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. तो हा लॅरी होम्स. वीस वेळा त्याने टायटल राखलं. हेवीवेटमध्ये त्याच्याआधी याहून जास्त वेळा राखणारा एकच, जो लुई, 25 वेळा.

जन्म 1949 चा, जॉर्जियातल्या कथबर्टचा. डझनभर भावंडं. नंतर बिऱ्हाड पेनसिल्व्हेनियात ईस्टन नावाच्या गावाला आलं, तिथे डेलावेअर आणि लीहाय या दोन नद्या मिळतात, म्हंजे आपलं हरिपूरच समजा. सातवीत शाळा सुटली, मग गाड्या धुण्याचं काम. आमच्या वेळी सातवीत शाळा सुटलेला पोरगा हमालीला नाहीतर तालमीत जायचा, हाही शेवटी तिथेच गेला, फक्त मातीच्या जागी दोऱ्यांचं रिंगण.

पुढे अलीच्या डिअर लेकच्या कॅम्पमध्ये हा सरावाचा जोडीदार म्हणून लागला. तालमीत बसलेल्या लोकांना जोडीदार म्हंजे काय हे मी सांगायला नको, मोठ्या पैलवानाला घाम फुटेपर्यंत लढायचं आणि कौतुकाच्या वेळी कोपऱ्यात टॉवेल धरून उभं राहायचं. अलीने सुरुवातीलाच याचा डोळा काळानिळा केला, कोणीतरी बर्फ लावायला आणला तर हा नको म्हणाला! गावात जाऊन दाखवायचा होता ना, की हा बघा, अलीने मारलाय. एवढी भक्ती. आणि पुढे त्याच अलीला मारायची पाळी याच्यावर आली.

त्याकडे येतो, पण आधी माझं एक दुखणं सांगू द्या, त्याशिवाय होम्स कळायचा नाही असं माझं मत आहे. (अध्यक्ष घड्याळ बघतायत, बघू द्या.)

तासगाव तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत मैदान होतं, गावाचं नाव घेत नाही, तिथले जावई इथे बसलेत. शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची. एका बाजूला पब्लिकचा लाडका पैलवान, वय झालेलं पण नाव मोठं, आखाड्यात शिरला की हलगीवाला आपोआप जोरात वाजवणार. दुसऱ्या बाजूला एक लांबलचक हाडकुळं पोरगं, त्याच्याच तालमीत कधीकाळी त्याच्याशी सराव केलेलं. पंच मी. कुस्ती सुरू झाली आणि या पोराने काय करावं, तर त्याला जवळच येऊ देईना, हात मनगटात धरायचा, झटकायचा, पट काढायचा, मागे जायचं, ताबा घ्यायचा, परत सुटायचं. चित काही करेना, पण समोरच्याला एक डाव लावू देईना. मी तर खूश झालो, म्हटलं काय डोकं आहे राव पोराला! आणि पब्लिक? पब्लिक म्हणतंय, अरे कुस्ती कर की, नाचतोस काय! एक आजोबा तर काठी घेऊन उठले. ठरलेला वेळ संपला, गुणांवर निकाल द्यायचा ठरलेलं होतंच, मी पोराचा हात वर केला आणि सगळं मैदान एका आवाजात ओरडलं, सेटिंग! कमिटीने काय करावं, निकाली झाली नाही म्हणून इनाम अर्धंच दिलं, आणि उरलेलं अर्धं हरलेल्याच्या सत्काराला वापरलं. फेटा, नारळ, फोटो, सगळं हरलेल्याचं! पोरगं पिशवी उचलून एसटी स्टँडकडे चालू लागलं आणि मला माझी स्कूटर चहावाल्याच्या मागून काढावी लागली, कारण पुढच्या बाजूला माझी वाट बघत लोक उभे होते. तो निकाल मी आजही बदलणार नाही. आपल्याकडे आडवा पाडला तरच जिंकला, हिशेबाने जिंकला तर फसवलं. गोळेश्वरच्या खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं, तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि अर्जुन पुरस्कार ते गेल्यावर कित्येक वर्षांनी. हा वेगळा विषय आहे, सोडतो, नाहीतर रात्र जाईल.

तर होम्स. टायटल मिळालं 9 जून 1978 ला, लास व्हेगासमध्ये तेव्हाचा चॅम्पियन केन नॉर्टनविरुद्ध. आदल्या दिवसांत सरावात डावा हात दुखावलेला, आणि त्याचं सगळं दुकान त्या डाव्या हातावर. चौदा राउंड झाले तेव्हा तिन्ही जजच्या कागदावर बरोबरी, पंधराव्या राउंडला दोघं एकमेकांना असे भिडले की बघणाऱ्याला दम लागावा, आणि एका गुणाने होम्स जिंकला. दोन जज याच्या बाजूने, एक नॉर्टनच्या. एका गुणाने जगज्जेता! आमच्या जत्रेत असता तर अर्धंच इनाम मिळालं असतं.

मग 2 ऑक्टोबर 1980. अली 38 वर्षांचा, दोन वर्षं रिंगणाबाहेर राहून परत आलेला, वजन उतरवलेलं, बाहेरून एकदम तरणा दिसणारा आणि आतून रिकामा. दहा राउंड, आणि एकही राउंड अलीला कोणत्या जजने दिला नाही. होम्स मारता मारता रेफरीकडे बघत होता, थांबवा की ओ हे. शेवटी अलीचा ट्रेनर अँजेलो डंडी, त्याने अलीला उठूच दिलं नाही. जिंकणारा नंतर रडला. आणि लोकांनी काय लक्षात ठेवलं, याने आमच्या अलीला मारलं. हरला असता तरी वाईट, जिंकला तरी वाईट.

1982 ला जेरी कूनी. गोरा, तगडा, एकही मॅच न हरलेला, आणि मॅचची सगळी जाहिरात गोरा विरुद्ध काळा अशीच चाललेली. रिवाज असा की चॅम्पियनचं नाव शेवटी पुकारायचं, त्या रात्री चॅम्पियनचं आधी पुकारलं. तेराव्या राउंडला कूनीचा ट्रेनर स्वतः रिंगणात शिरला, तेव्हा मॅच संपली.

मग 21 सप्टेंबर 1985. होम्स 48 विजय, शून्य पराभव. जुना चॅम्पियन रॉकी मार्सियानो, त्याचा एकही न हरता 49 विजयांचा रेकॉर्ड एका मॅचवर, आणि तीस वर्षांपूर्वी बरोबर त्याच तारखेला मार्सियानो शेवटचा लढलेला. मायकेल स्पिंक्सने गुणांवर हरवलं. तिथे प्रेसपुढे, मार्सियानोचा भाऊ हजर असताना, हा बोलून गेला की मार्सियानोला माझा लंगोटसुद्धा उचलता आला नसता. झालं. सात वर्षांचं पुण्य एका वाक्यात वाहून गेलं. असं बोलायला नको होतं हे माझंही मत आहे, पण ज्याला एवढी वर्षं कोणी धड टाळी दिली नाही त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि डाव्या हाताचं तर काहीच झालं नाही अजून! पटापट सांगतो.

जॅब म्हंजे पुढचा हात, खांद्यातून सरळ, मागे न ओढता. मागे ओढला की समोरच्याला तार पोचते. होम्सचा जॅब निघताना दिसायचाच नाही, लागल्यावर कळायचं. त्याने तीन कामं व्हायची. एक, अंतर आपल्या ताब्यात, दोन्ही हात पसरले की टोकापासून टोकापर्यंत 81 इंच भरायचे त्याचे. दुसरं, समोरच्याची मान सारखी मागे, मग त्याचे पाय जमिनीत बसत नाहीत आणि पाय बसल्याशिवाय ठोसा नाही. तिसरं, त्याचं लक्ष डाव्यावर असताना उजवा येतो. 69 विजयांपैकी 44 नॉकआउट आहेत, म्हंजे नुसता टिचक्या मारणारा नव्हता, अर्नी शेव्हर्सने 1979 ला त्याला सातव्या राउंडला असा झोपवला होता की लोक उठून जायला निघाले, तो उठला आणि अकराव्याला शेव्हर्सची मॅच संपवली. पण टाळी उजव्याला पडते.

शेवटचं एकच. 1988 ला टायसनने चौथ्या राउंडमध्ये पाडला, सगळे म्हणाले संपला. 1992 ला हा 42 वर्षांचा, पोट सुटलेला, समोर रे मर्सर, सोल ऑलिंपिकचा गोल्ड मेडलवाला आणि प्रोफेशनलमध्ये एकही न हरलेला. होम्स स्वतःच कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहिला, ये म्हणाला, मधेच टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे वळून बोलला सुद्धा, आणि बारा राउंड त्या पोराला डाव्या हाताने शिकवणी दिली. तिन्ही जज होम्सकडे. नॉकआउट नाही, गुणांवर.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो.